ग्रीष्म नव्हे, उत्तरेचा उन्हाळा

फिनलंडमधील अरण्यवर्णनांच्या मराठी अनुवादात ऑगस्टला ‘सरता ग्रीष्म’ म्हणणे आम्हांला खटकते. त्या शब्दामागून वैशाखवणवा येतो. तिथे तेव्हा वीण आटोपलेली असते, पक्षी जुनी पिसे टाकत असतात आणि गाणे जवळजवळ थांबलेले असते. कानांवर विसंबणाऱ्या निरीक्षकाचे तिथे काही चालत नाही. मग नजर फुलपाखरांकडे वळते. गडद तांबूस-तपकिरी पंखांना फिकट पिवळी किनार असलेले ‘सुरुवाइप्पा’, शब्दशः ‘शोकाचे पांघरूण’ (असे नाव ठेवणाऱ्यांचा हेवाच वाटावा), कोशातून नुकतेच बाहेर पडलेले असते. पुढचा हिवाळा ते फुलपाखराच्याच रूपात काढते. तिथल्या जुन्या स्प्रूसवनांतला केशरी गळ्याचा चिमुकला माशीमार मात्र थंडीसाठी भारताची वाट धरतो आणि महाराष्ट्रातही येतो. अनुवादकाने त्याला नुसता ‘एक पक्षी’ करून टाकावे, हे आम्हांला मान्य नाही.