खारदुंग ला-वरचं पित्त

मराठी पर्यटक लडाखला निघतो तेव्हा त्याची बॅग एकदा उघडून बघावी. वरच्या थरात थर्मल, कानटोपी, हातमोजे. त्याखाली खरा ऐवज: मेतकूट, लसणाची चटणी, डिंकाचे लाडू, खाकरे, दोन प्रकारची लोणची, गरम पाणी ओतलं की तयार होणारे पोहे, शिवाय ‘तिकडे कसली मिळते कोण जाणे’ म्हणून चहाची पूड. लेहमध्ये माणसं शतकानुशतकं उपाशीच राहत आली असावीत, असा एकूण बंदोबस्त. आता याच गृहस्थांना विचारा, की तुमची रक्तदाबाची गोळी साडेअकरा हजार फुटांवर तशीच चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारलंत? ते तुमच्याकडे असे बघतील, जणू मंगलकार्यात तुम्ही काहीतरी अभद्र बोललात.

आपण घाबरट आहोत असं मी म्हणत नाही. आपण भरपूर घाबरतो, पण नको त्या गोष्टीला. स्क्यू या लडाखी पदार्थाच्या वाडग्यासमोर आपले हातपाय गळतात आणि खारदुंग ला-च्या सतरा हजार फुटांवरच्या खिंडीत मात्र आपण टी-शर्टवर फोटो काढतो.

सहली विकणाऱ्यांना ही नस बरोबर सापडली आहे. पत्रकाच्या पहिल्या पानावर निळाशार पँगाँग, दुसऱ्यावर जेवण. ‘आपला आचारी आपल्यासोबत’, ‘अगदी घरच्यासारखं’, एकादशी आली तर साबुदाण्याची खिचडी, शेवटच्या रात्री श्रीखंड-पुरी. नावनोंदणीच्या अर्जात शाकाहारी, मांसाहारी, जैन, कांदा-लसूण वर्ज्य, उपवास असे ऐसपैस रकाने असतात. प्रकृतीसाठी एक ओळ, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, काही झालं तर आम्ही जबाबदार नाही. ग्राहक तिथे न वाचता सही करतो, कारण त्याचा जीव दुसऱ्या प्रश्नात अडकलेला असतो: सकाळचा चहा खोलीत मिळणार की खाली यावं लागणार? आणि या सगळ्याचं नाव ‘साहसी सहल’. साहस म्हणजे हुंदरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटावर दहा मिनिटं, आणि पँगाँगला करीना कपूरच्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो. ‘थ्री इडियट्स’ २००९ साली आला. अजून रांग आहे.

बरं, घरच्या जेवणाचा हा हट्ट कुठे चालतो तेही बघा. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. लेहला ते ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, पँगाँगच्या काठी ८६ च्या. तूरडाळ तिथे प्रेशर कुकरशिवाय दाद देत नाही. तांदूळ, डाळ, तेल, गॅसचे सिलिंडर, सगळं ट्रकमधून झोजी ला किंवा मनालीकडच्या खिंडी ओलांडून वर चढवायचं, आणि चौदा हजार फुटांवरच्या तंबूत मांडी ठोकून म्हणायचं, ‘वरणाला आपल्याकडची चव नाही हो.’ नाहीच असणार. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणारी ती जमीन. तिथे जव, गहू, वाटाणा, सलगम होतं, आणि तिथल्या बायकांनी या चार वस्तूंतून उभं स्वयंपाकघर रचलं आहे. आपण त्याकडे पाठ फिरवून आमटीत आमसूल घातलंय का ते विचारतो.

नाकारतो तरी काय? स्क्यू म्हणजे अंगठ्याने दाबलेल्या कणकेच्या चकत्या, बटाटा, गाजर, सलगम घालून पातळ रश्शात शिजवलेल्या. आपल्या वरणफळांचं हे जवळचं नातलग. छुटागीत त्याच कणकेला चिमटा काढून बो-टायचा आकार देतात. पाबा हा जवाच्या आणि वाटाण्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तो बुडवायचा तंगतूरमध्ये, म्हणजे रानातली पालेभाजी घातलेल्या ताकात. ङम्फे म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. ज्या पिढीने लहानपणी सातूचं पीठ गूळ-दुधात कालवून खाल्लं, तीच पिढी ङम्फेकडे बघून नाक मुरडते आणि खोलीवर जाऊन मेतकूट-भात मागते. तुर्तुकला जा. १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेलं हे बाल्टी गाव. तिथे कुट्टूच्या पिठाचं किसीर मिळतं, तव्यावर घातलेलं, दिसायला थेट धिरडं. राक्त्से कारपो हा पांढऱ्या बियांचा जर्दाळू, भौगोलिक मानांकन मिळालेला. तो झाडाखाली उभं राहून खायचा सोडून आपली मंडळी बसमध्ये संत्र्याच्या गोळ्या वाटतात. आल्चीच्या मठाशेजारी निल्झा वांगमो यांचं ‘आल्ची किचन’ आहे. पारंपरिक लडाखी पदार्थ पर्यटकांसमोर मानाने मांडले, म्हणून त्यांना २०१९ चा राष्ट्रीय नारी शक्ती पुरस्कार मिळाला. आपली बस आल्चीला मठ बघायला थांबते. मठ बघून होतो. मग बस जेवायला लेहला परत येते, कारण तिथे आपला आचारी फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा करून बसलेला असतो.

इथवर हा नुसता करंटेपणा आहे. पैसे तुमचे, जीभ तुमची, मी कोण बोलणारा? पण या जिभेच्या भीतीमुळे माणसं खरोखर धोक्यात येतात, आणि ते कसं, हे मी एका बसमध्ये समोर बघितलं.

लेहची तिसरी सकाळ, खारदुंग ला-कडे निघायची. साठीच्या एक काकू डोकं धरून बसलेल्या. रात्रभर झोप नाही, मळमळ, अन्नावर वासना नाही, एक उलटी होऊन गेलेली. विरळ हवेचा त्रास सुरू झाला की जे जे होतं ते सगळं, पाठ्यपुस्तकात असतं त्याच क्रमाने. बसमध्ये निदान व्हायला अर्धं मिनिट लागलं नाही.

“पित्त झालंय.”

“काल त्या बाजारात थुक्पा खाल्ला ना तुम्ही? तोच बाधला.”

“मी दोनच चमचे घेतले हो, चव बघायला.”

“दोन चमचेसुद्धा पुरतात, वहिनी.”

मग उपचारांची फेरी निघाली. आलेपाक, आवळासुपारी, कुणाची पित्तावरची गोळी, कुणाच्या रुमालात बांधलेला कापूर. सहलीचा व्यवस्थापक म्हणाला, “काकू, वर गेल्यावर फ्रेश हवेत बरं वाटेल.” वर! डोकं दुखत असताना आणखी चढायचं नाही, हा या शास्त्रातला पहिला नियम. आणि हा माणूस त्यांना औषध म्हणून सहा हजार फूट उंची देत होता. अर्ध्या घाटात काकूंचं बोलणं जड झालं. लघवीला उतरल्या तर पाय वाकडेतिकडे पडायला लागले. लडाखी चालकाने आरशातून ते बघितलं आणि कुणाला न विचारता गाडी वळवली. “खाना नहीं है, आंटी को हाइट लगा है, नीचे जाना पड़ेगा,” एवढंच बोलला. मागच्या सीटवरून पहिला प्रश्न आला तो असा, की मग आजचा खारदुंग ला उद्या दाखवणार का? लेहच्या रुग्णालयात ऑक्सिजन लावला, औषधं दिली, संध्याकाळपर्यंत काकू सावरल्या. आणि रात्रीच्या जेवणाला पंक्तीत एकमुखाने ठरलं ते काय? ‘म्हणून सांगत होतो, बाहेरचं खाऊ नका.’

हे जे पित्त आहे ना, ते आपल्याला एक दिवस मारणार आहे. डोकं दुखलं, पित्त. ओकारी आली, पित्त. झोप लागली नाही, जेवण जात नाही, पित्त. पुण्यात आणि नाशकात हे निदान खपून जातं, कारण तिथे ते चुकलं तरी माणूस वाचतो. अकरा हजार फुटांच्या वर हाच लक्षणांचा गुच्छ, उलट सिद्ध होईपर्यंत, उंचीचाच समजायचा असतो. पुढची पायरी म्हणजे मेंदूला सूज किंवा फुफ्फुसांत पाणी. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं ही त्याची चिन्हं, आणि त्यावर खरा उपाय एकच: खाली उतरणं, ताबडतोब. ज्याने दोष थुक्प्यावर ढकलला, तो खाली उतरणार नाही. तो लिंबू-सरबत पिऊन वर जाईल.

कापराबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण लडाखला निघालेल्या प्रत्येक मराठी गटात कापूर हा चौदाव्या रत्नासारखा मिरवला जातो. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण खाली जेवढं, तेवढंच वर असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. खारदुंग ला-वर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा भरतो. कापूर हुंगल्याने दाब वाढत नाही. नाक थंडगार होतं आणि माणसाला वाटतं, श्वास मोकळा झाला. होमिओपॅथीच्या ‘कोका थर्टी’च्या साबुदाण्यांनी हा आजार टळतो, असा विश्वास ठेवण्याजोगा पुरावा नाही. विमानतळाबाहेर विकले जाणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत रिकामे होतात. त्यांचा मुख्य उपयोग फोटोत दिसण्यासाठी. ज्या गोळीचा उपयोग सिद्ध झालेला आहे, ती अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, ‘फार स्ट्राँग असते’ म्हणून कुणी घेत नाही. ती कुणाला चालते, कुणाला नाही, सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर काय, हे डॉक्टरांशी बोलायचे विषय आहेत. त्यासाठी दवाखान्यात अर्धा तास बसावं लागतं. लाडू वळायला याहून जास्त वेळ लागतो, तो मात्र काढलेला असतो.

तरुणांनी फार खूश होऊ नये. पोटाच्या बाबतीत ते धीट आहेत, हे मान्य. लोणी-मीठ घातलेला गुर-गुर चहा ते पितात, तोंड वेडंवाकडं करतात, व्हिडिओ टाकतात आणि कप तसाच ठेवून उठतात. यजमानीण बाई समोर उभी असते. उंचीच्या बाबतीत ते काकूंपेक्षाही अडाणी. ‘मी रोज जिमला जातो’, ‘मी राजगड-तोरणा एका दमात केलाय’. केला असशील बाबा. तोरणा साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. दंड आणि मांड्या कितीही भरलेल्या असोत, विरळ हवा त्यांना ओळखत नाही; उलट धट्टाकट्टा गडी पहिल्याच दिवशी भाड्याची बुलेट काढून भटकतो आणि त्याच रात्री आडवा होतो. उतरल्यावर किमान ४८ तास विश्रांती घ्या, असं तिथलं प्रशासन सांगतं, विमानतळावर सांगतात, हॉटेलवाला सांगतो. आपल्या ते कानांत शिरत नाही, कारण सांगणारा मराठी नसतो.

आणि सहलीची आखणी? सात दिवसांत सगळं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा जगभरचे गिर्यारोहणाचे डॉक्टर पाळतात तो नियम. दिवसा खारदुंग ला ओलांडून नुब्रात उतरलात तर मुक्काम लेहपेक्षाही खाली येतो, म्हणून ती रात्र बहुतेकांना निभते. घात होतो पँगाँगला. लेह साडेतीन हजार मीटर, पँगाँग चार हजार दोनशेच्या वर. झोपायच्या उंचीत एका उडीत सातशे मीटरची वाढ, तीही तंबूत. आणि तिथे रात्री कुणी अत्यवस्थ झालं तर लेहचं रुग्णालय गाठायला आधी चांग ला चढावा लागतो, सतरा हजार फुटांहून उंच. खाली नेण्यासाठी आधी वर न्यायचं. हे पत्रकात कुठल्या पानावर आहे, मला दाखवा.

काही आक्षेप खरे आहेत, ते मी झटकत नाही. मधुमेहाच्या माणसाने खिशात खाऊ ठेवलाच पाहिजे. शाकाहारी माणसाने विचारून खावं. स्क्यू, पाबा, तंगतूर, खंबीरची रोटी बिनमांसाची सहज मिळते. परगावी पोट बिघडतं हेही खरं. पण मग हिशोब नीट करा. डोळ्यांसमोर उकळत असलेला, वाफाळता, पातळ, पिष्टमय थुक्पा त्या कोरड्या थंडीत शरीराला सोसतो, आणि त्यात जंतू टिकणं अवघड. तुम्ही खाता ते काय असतं? सकाळी चिरून ठेवलेली काकडीची कोशिंबीर आणि तळलेल्या पुऱ्या, आधीच मंदावलेल्या पोटावर. ते ‘घरचं’, म्हणून निर्धोक!

पुढच्या उन्हाळ्याची नावनोंदणी सुरू झाली की तुम्ही त्या वातानुकूलित कार्यालयात जाल. तिथे विचारा, की पँगाँगच्या मुक्कामी रात्री दोन वाजता माझ्या आईला बसल्या जागी धाप लागली, तर गाडी कुठली, चालवणार कोण, मोठे सिलिंडर किती असतील, आणि निघायचं की थांबायचं हे ठरवणाऱ्या माणसाने त्याचं शिक्षण कुठे घेतलंय? काउंटरवरची मुलगी गोड हसून श्रीखंड-पुरीच्या पानावर बोट ठेवेल. चेकबुक खिशात घाला आणि शेजारच्या कार्यालयात जाऊन हाच प्रश्न विचारा.