ओसरीवरच्या गप्पा : सरवा कुणाचा?



मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला आपल्यापैकी बरेचजण जाऊन आले असतील. अष्टविनायकाची यात्रा सुरू होते ती तिथूनच. नवखा माणूस हे देऊळ लांबून पहिल्यांदा पाहतो तेव्हा जरा थबकतो. भोवती उंच तट आणि चार कोपऱ्यांना चार मिनार. ही तर मशीदच, असे त्याला वाटते. जवळ जावे, तो समोर भला मोठा दगडी नंदी, आणि पायऱ्या चढून आत गेले की गणपती. मुसलमानी अमदानीत देवळाला धक्का लागू नये म्हणून असे बांधले, असे जुनी माणसे सांगतात. ते कसेही असो. दुरून पाहणाऱ्याचा अंदाज जवळ गेल्यावर चुकतो, एवढे मात्र खरे. माणसांच्या धर्माचेही तसेच असावे, असे मला गेल्या काही दिवसांपासून वाटू लागले आहे. त्याला कारण घडले ते आमच्याच रानात.

गोष्ट २०२५ सालच्या मार्चमधली. आमचे गाव मोरगावच्या पट्ट्यातले, जिरायती. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी खालच्या गावांना. आमच्या वाट्याला आभाळ. त्या साली रब्बीची ज्वारी बरी आली होती. काढणी झाली, कणसे मोडून झाली, रास घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन रानात आली. हातात फाटकी पिशवी. सरवा वेचायला आली होती. काढणीत खाली पडलेली, नजरेतून सुटलेली कणसे वेचून न्यायची, त्याला आपल्याकडे सरवा म्हणतात, हे नव्या पोरांना सांगावे लागते म्हणून सांगितले.

आमचा थोरला तिथेच कडबा रचत होता. तो तिला म्हणाला, "आजी, आमच्या रानात शिरू नका. कणसे आम्हीच वेचणार आहोत." म्हातारी काही बोलली नाही. नातीचा हात धरून बांधावरून परत गेली.

घरी हे कळले तेव्हा मंडळींनी रात्री ताटावर बसायचे नाकारले. "रानात आलेले माणूस रिकाम्या हाताने परत गेले, मला घास जायचा नाही," म्हणाली. थोरलाही चिडला. "बियाणे आमचे, मजुरी आमची, खताचे पैसे आम्ही भरायचे. मग पडलेले कणीस दुसऱ्याचे कसे?" प्रश्न काही खोटा नव्हता. मजुरीचे दर आपणा सगळ्यांना ठाऊक आहेत. मला चटकन उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर नेहमीची बैठक जमली. नेहमीचे म्हणजे दोघे. एक आमच्या गावचे मुलाणीभाई. पिढ्यान् पिढ्या गावकीत त्यांच्या घराचे बलुते होते. दुसऱ्या आमच्या शाळेच्या निवृत्त बाई. त्या ख्रिस्ती. त्यांची आजी केडगावच्या मुक्ती सदनात वाढलेली. दौंड तालुक्यातले हे केडगाव आपल्यापासून फार लांब नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी, अनाथ मुली ठिकठिकाणाहून तिथे आणल्या आणि सांभाळल्या. त्यांतलीच ती एक.

योगायोग असा, की त्या दिवसांत दोघांचेही उपवास चालू होते. त्या साली आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा २ मार्चला आला आणि ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार ५ मार्चला. तिथून ईस्टरपर्यंत त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मुलाणीभाई रोजा सोडून, नमाज पढून आले होते. बाईंनी त्या काळापुरता चहा सोडला होता, म्हणून त्यांच्यापुढे नुसते पाण्याचे भांडे.

थोरल्याने त्यांच्यापुढेच विषय काढला. "तुम्हीच सांगा बाई, माझे काय चुकले?"

बाई म्हणाल्या, "बाळा, तू चोरी केली नाहीस. पण आमच्या शास्त्रात मोशेच्या नियमांत शेतकऱ्याला एक गोष्ट बजावली आहे. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत सगळे कापू नये. खाली पडलेले गोळा करायला परत फिरू नये. ते गरिबाचे आणि परगावाहून आलेल्या उपऱ्याचे."

मग त्यांनी रूथची गोष्ट सांगितली. रूथ मवाब देशाची, म्हणजे परक्या मुलखातली, परक्या जातीची. नवरा वारला. विधवा सासूला एकटी सोडायची नाही म्हणून ती तिच्याबरोबर बेथलेहेमला आली. घरात दाणा नाही. सातूची सुगी चालू होती, म्हणून ती बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचायला गेली. आपल्या मराठी बायबलातसुद्धा सरवा हाच शब्द आहे. बवाजने तिला हाकलले नाही. उलट गड्यांना सांगितले, की तिच्यासाठी पेंढ्यांतली थोडी कणसे मुद्दाम खाली पडू द्या. पुढे बवाजने तिच्याशी लग्न केले. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा, आणि त्याच वंशात येशू ख्रिस्त जन्मला.

"दावीद म्हणजे आमचे दाऊद पैगंबर," मुलाणीभाई मध्येच म्हणाले. "जबूर हा ग्रंथ त्यांच्यावर उतरला, असे आम्ही मानतो. म्हणजे सरवा वेचणाऱ्या बाईच्या पोटी केवढा वंश वाढला बघा!"

थोरला ऐकत होता. "चाचा, तुमच्यात काय सांगतात?"

"आमच्यात तर हिशेबच घालून दिलाय," मुलाणीभाई म्हणाले. "कुराणात आहे, की पीक निघेल त्या दिवशीच त्यातला हक्काचा वाटा देऊन टाका. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. मोट धरून, कष्टाने पाणी देऊन आणलेल्या पिकाचा विसावा."

मी चकित झालो. सरकारी शेतसारा बागायतीला जास्त, जिरायतीला कमी. इथे तर उलटे! मुलाणीभाईंनी त्याचे मर्म सांगितले. बागायतीत माणसाची मेहनत आणि खर्च जास्त, म्हणून त्याला सूट. जिरायतीत पाणी आभाळातून फुकट आले. जिथे देवाचा हात मोठा, तिथे देवाच्या नावाने द्यायचा वाटाही मोठा. मंडळी, आम्ही जन्मभर जिरायतीला रडत आलो. तिच्याकडे असेही पाहता येते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

मुलाणीभाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही कुराणातलीच. काही बागवाल्यांनी शपथ घेतली, की उद्या पहाटेच माल तोडून आणू, म्हणजे गोरगरीब बागेत शिरायचे नाहीत. पहाटे दबक्या आवाजात बोलत गेले, तो रात्रीतच बाग उजाड झालेली. आधी त्यांना वाटले, आपण वाट चुकलो. मग उमगले आणि पस्तावले.

यावर बाई हसल्या. "येशूनेही असाच एक दाखला दिला आहे. एका श्रीमंताला अमाप पीक आले. त्याने ठरवले, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू आणि वर्षानुवर्षे सुखाने खाऊ. त्याच रात्री त्याला मरण आले. मग ते धान्य कुणाचे?"

मंडळी, मी दोघांची तोंडे पाहत राहिलो. दोघांना आम्ही दोन निरनिराळ्या धर्मांचे म्हणून ओळखतो. पण बोलताना एकाने वाक्य सुरू करावे आणि दुसऱ्याने पुरे करावे, असे चालले होते. म्हणून मी सरळच विचारले, तुमच्यात सारखे काय आणि वेगळे काय?

सारखे पुष्कळ निघाले. एकच देव, त्यानेच सगळे निर्माण केले. आदम पहिला माणूस. इब्राहिम, मूसा, दाऊद दोघांचेही. एक दिवस न्यायाचा येणार आणि प्रत्येकाला हिशेब द्यावा लागणार, हेही दोघांचे. येशूला मुसलमान इसा म्हणतात आणि थोर पैगंबर मानतात. त्याची आई मरियम कुमारी होती, हेही मानतात. कुराणाचा एकोणिसावा अध्याय तिच्याच नावाचा आहे, आणि साऱ्या कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली बाई ती एकटीच. बाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला.

शेतकऱ्याला भावेल असे एक साम्य तर मला फारच आवडले. येशूने देवाच्या राज्याला पेरलेल्या बियाची उपमा दिली. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी कसे उगवते ते त्याला कळत नाही. आधी पाते, मग कणीस, मग कणसात दाणा. कुराणातही श्रद्धावंतांना अशाच पिकाची उपमा आहे. आधी कोंब, मग तो जाड होतो, ताठ उभा राहतो आणि पेरणाऱ्याला आनंद देतो. ही उपमा इंजीलमधली, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानातली आहे, असे कुराण स्वतःच सांगते.

वेगळे काय, तेही दोघांनी झाकले नाही. ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र मानतात. तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हा त्यांच्या श्रद्धेचा कणा. मुसलमानांना देवाला पुत्र असणे मान्य नाही, आणि इसाला क्रुसावर मरण आले हेही ते मानत नाहीत. भेद लहान नाही. याच दोन धर्मांच्या लोकांनी जेरुसलेमसाठी दोनशे वर्षे लढाया केल्या. पण त्याच जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीवरचे जे मोठे चर्च आहे, त्याची किल्ली शतकानुशतके एका मुसलमान घराण्याकडे आहे, आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे.

मुलाणीभाईंनी याहून जुनी आठवण काढली. मक्केत पैगंबरांच्या पहिल्या अनुयायांचा छळ होऊ लागला, तेव्हा इसवी सन ६१५ च्या सुमारास त्यांतले काहीजण समुद्र ओलांडून हबशांच्या देशात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याने विचारले, तुमचा ग्रंथ काय सांगतो? त्यांनी मरियमचा अध्याय म्हणून दाखवला. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने त्यांना शत्रूच्या हवाली करायचे नाकारले, अशी कथा आहे. संकटातल्या मुसलमानांना पहिला आसरा दिला तो एका ख्रिस्ती राजाने. आपल्या काळात, २०१९ च्या फेब्रुवारीत, पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबू धाबीत मानवी बंधुत्वाच्या एका लेखावर सह्या केल्या, तोही याच वाटेवरचा टप्पा.

"एवढ्या लांब कशाला?" मुलाणीभाई म्हणाले. "साठीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या जिरायती गावांत पाझर तलाव झाले, आठवतात ना? मजुरीपोटी धान्य आणि तेल मिळायचे. ते देण्यात 'कासा' नावाच्या ख्रिस्ती लोकांच्या संस्थेचा हात होता. माझी आई तिथे पाट्या वाहायची. समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी रानातला तो सरवाच होता. खाणारा कुठल्या देवाचा, हे कुणी विचारले नाही."

यावर कुणीच काही बोलले नाही. थोरला उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच त्या म्हातारीच्या घरी जाऊन आला. काय बोलला ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दुपारी ती आणि नात रानात दिसल्या. पिशवी भरायला आली होती. मंडळींनी तांब्याभर पाणी आणि दोन भाकरी बांधावर नेऊन दिल्या.

मंडळी, आपण वारकरी घरातली माणसे. आपल्या खळ्यावरही पूर्वी रास घरात नेण्याआधी बलुतेदाराचा, फकिराचा, गोसाव्याचा वाटा निघत असे. कुणाचे शास्त्र खरे, याचा निवाडा ओसरीवर होत नाही आणि करूही नये. पण पेटवणारे बोलणे हल्ली मोबाईलमधून दर घटकेला घरात येते. ते ऐकण्याआधी आपल्या गावच्या मुलाणीभाईंना आणि बाईंना एकदा विचारावे, की तुमच्यात काय सांगतात? उत्तर बहुधा आपल्या आजीने सांगितलेलेच निघते.

आणि येत्या सुगीला एवढे करा. बांधाकडेच्या दोन ओळी तशाच राहू द्या. खाली पडलेल्या कणसासाठी मागे फिरू नका. ते वेचायला कुणीतरी येणार आहे. त्याची जात, त्याचा देव विचारू नका; पाणी प्यायला हवे का, एवढेच विचारा.