गर्दीला किती हिट पॉइंट्स?

आमच्या घरात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला सरसकट "ते फाशांचं" म्हणतात, म्हणून नातेवाईक वाचकांसाठी आधी चार ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा (आमच्याकडे चालवणारी, म्हणजे मी). बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं: कुणी जादूगार, कुणी योद्धा, कुणी चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली हा खेळ आणला, तोही पटावरच्या युद्धाच्या खेळांमधून. ह्या खेळातल्या प्रत्येक सामन्याला, अडथळ्याला 'एन्काउंटर' म्हणतात. मुंबईकरांनी भलता अर्थ घेऊ नये... किंवा घ्यावाच, कारण माझी तक्रार साधारण तीच आहे.

गोष्टीत शहर आलं की कधी ना कधी लोक रस्त्यावर येतात. धान्य महागलं, कर वाढला, कुणीतरी नाहक फासावर चाललंय. डीएमला असा प्रसंग घ्यायचा मोह होतोच, आणि घ्यावाच असं माझं मत आहे. पण हाताशी जे नियम असतात ते बहुतेक लढाईचे. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात घोळक्याने चाल करून येणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे. किती जणांनी मिळून हल्ला केला की एकाचा वार लागतो, ते तो सांगतो. हे लोक आले कशासाठी, ह्याचा रकाना त्यात नाही. आपल्याकडे मोर्चा, धरणं, घेराव, दगडफेक, दंगल असे कितीतरी शब्द आहेत आणि कुणी एकाच्या जागी दुसरा वापरला तर आपण लगेच भांडतो. टेबलावर मात्र सगळ्याचा 'मॉब' होतो.

आता गणित बघा. त्याच आवृत्तीत साध्या नागरिकाला ४ हिट पॉइंट्स असतात. जादूगाराचा 'फायरबॉल' म्हणजे सहा बाजूंचे ८ फासे, आणि २० फूट त्रिज्येच्या वर्तुळातल्या सगळ्यांना तो लागतो. फासे अगदी रुसले, आठांवर आठ एक्के पडले, शिवाय समोरच्याने चपळाईने निम्मा मार चुकवला, तरी उरतात ४. म्हणजे वर्तुळातला एकही जण उभा राहत नाही. दाटीवाटीने उभी असलेली पन्नासेक माणसं, एका वाक्यात. आणि टेबलावर टाळ्या!

"अगं, खेळ आहे तो," हे मला माहीत आहे. ड्रॅगन मारला म्हणून मी कधी कुणाला प्रवचन दिलेलं नाही. पण ड्रॅगन आपल्याला रस्त्यात भेटत नाही, गर्दी भेटते. आमच्या टेबलावर चौदा-पंधरा वर्षांची भाचेमंडळीही असतात. गर्दी म्हणजे पार करायचा अडथळा, हे त्यांनी माझ्याकडून शिकू नये, एवढंच.

मग करायचं काय? मी नमुना म्हणून कॉन्स्टँटिनोपलचा नीका उठाव समोर ठेवते. जानेवारी ५३२. रथांच्या शर्यतींचे दोन मोठे गट होते, निळे आणि हिरवे, एकमेकांचे हाडवैरी. आधीच्या एका दंगलीबद्दल काही जणांना फाशी द्यायचं ठरलं. फाशीचा सांगाडाच मोडला आणि दोघे वाचले, एक निळा आणि एक हिरवा. त्यांना माफी द्या, अशी शर्यतीच्या मैदानात सम्राट जस्टिनियनकडे मागणी झाली. त्याने उत्तर दिलं नाही. मग दोन्ही गट एकत्र आले आणि 'नीका', म्हणजे 'जिंका', ही एकच घोषणा घुमू लागली. शहर पेटलं. सम्राटाने काही अधिकारी हटवले, पुढे माफीही जाहीर केली, पण तोवर फार उशीर झाला होता. लोकांनी दुसराच सम्राट उभा केला. शेवटी निळ्यांच्या पुढाऱ्यांना पैसे चारून फोडण्यात आलं आणि बेलिसारियस व मुंडस ह्यांचं सैन्य मैदानात शिरलं. इतिहासकार प्रोकोपियस तीस हजारांहून अधिक मेल्याचं सांगतो.

ह्यात खेळण्यासारख्या जागा मोजा. सांगाडा मोडला तो क्षण. उत्तराची वाट बघत बसलेलं मैदान. माफीचा उशीर. पैशांच्या थैल्या. प्रत्येक ठिकाणी पात्रांना काहीतरी करता आलं असतं, आणि तलवार लागते ती फक्त शेवटी, सगळं हातातून गेल्यावर.

म्हणून माझ्याकडे गर्दीला हिट पॉइंट्स नसतात. एका कार्डावर तीन गोष्टी लिहिते: मागणी काय, ती कोण मान्य करू शकतं, लोक कधीपर्यंत थांबतील. शेजारी पाच पायऱ्यांची शिडी. ताटकळत ठेवलं, अफवा आली, कुणाला लागलं की एक पायरी वर. उत्तर मिळालं, ओळखीचं माणूस पुढे आलं, घरी जायला वाट मोकळी ठेवली की एक पायरी खाली. आणि गर्दीतल्या तिघांना तरी नावं द्यायची. गर्दी स्वतःही निर्णय घेते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून आझाद मैदानावर पोचले होते. हे कुठल्या तक्त्यात बसवणार?

दंगलीचं मात्र वेगळं. आमच्यातला एक मित्र जानेवारी १९९३ मध्ये आठ वर्षांचा होता, मुंबईत. शहरातली मोहीम सुरू करण्याआधी मी सगळ्यांना विचारलं, काय चालेल, काय नको. तो म्हणाला, "मोर्चा घे, जाळपोळ घे. दारावर येऊन नावं विचारणारी माणसं नकोत." मग थोड्या वेळाने, "आणि गर्दीचं वर्णन फार करू नकोस. आम्हाला गर्दी दिसलीच नव्हती. नुसता आवाज येत होता आणि आई दाराला कपाट लावत होती."

तेव्हापासून आमच्याकडे दंगल आली तर ती अशी येते: बंद दार, बाहेरचा आवाज, आणि आत कुणाला घ्यायचं हा प्रश्न. नावं विचारणारं कुणी येत नाही.

फायरबॉलवर बंदी नाही बरं का. जादूगाराने टाकायचा म्हटला तर टाकावा. फक्त मग पुढच्या वेळी आपण त्याच गल्लीतून खेळ सुरू करतो. बेकरी बंद असते, आणि जादूगाराला पाव कुठे मिळेल असं विचारायला एक दार ठोठवावं लागतं. ते कोण उघडतं, हे मी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

तुमच्यापैकी जे डीएम आहेत त्यांनी आपापली पद्धत जरूर लिहा. शिडीला पाच पायऱ्या पुरतात की नाही, ह्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.