वेदीवरील होकार आणि त्यानंतरचा संसार

पत्नीच्या इच्छेविरुद्ध पतीने केलेला शरीरसंबंध हा बलात्कार मानावा की नाही, या प्रश्नावर आपल्या देशात बराच खल झाला आहे. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेथे अशा तरतुदीस विरोध दर्शविला. त्याच महिन्यात सुरू झालेली सुनावणी सरन्यायाधीशांची निवृत्ती जवळ आल्याने पुढे ढकलण्यात आली. दरम्यान, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पत्नी अठरा वर्षांखालील नसल्यास पतीला असलेली सूट कायम ठेवण्यात आली.

कायद्याचा निवाडा न्यायालये करतील. आमच्यापुढील प्रश्न त्याआधीचा आहे. विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाला या विषयात शिकवतो कोण? वडील बोलत नाहीत. मित्र बोलतात ते फुशारकीचे. उरतो हातातला मोबाईल. त्यावरील अश्लील चित्रफितींत स्त्री कधी थकत नाही, तिला भीती वाटत नाही आणि तिला कुणी काही विचारतही नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी, इच्छा नसल्यास आपण पतीला नकार देऊ शकतो, असे सांगितले. ही समाधानाची बाब आहे. परंतु पत्नीने नकार दिल्यास तिच्यावर रागावण्याचा व तिला खडसावण्याचा पतीला हक्क आहे, असे मानणारे पुरुष १९ टक्के निघाले. जवळजवळ पाचांत एक! आपल्या धर्मग्रामांतील तरुण याला अपवाद असतील असे समजणे भाबडेपणाचे होईल.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार विवाह घडतो तो दोघांच्या मुक्त संमतीने. मात्र वेदीसमोर एकदा दिलेला होकार जन्मभराच्या प्रत्येक रात्रीला पुरतो, असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला आहे. त्यासाठी संत पौलाचाही आधार घेतला जातो. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, हे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अर्धे वाक्य पुरुषांना पाठ असते. पतीच्या शरीरावर पत्नीचा तितकाच अधिकार आहे, हा उरलेला अर्धा भाग मात्र विस्मरणात जातो. पोप सहावे पॉल यांचे १९६८ सालचे ‘हुमाने विते’ हे परिपत्रक लोकांच्या लक्षात राहिले ते संततिनियमनाच्या वादामुळे. जोडीदाराची स्थिती व रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला संबंध हे खरे प्रेम नव्हे, असे त्याच परिपत्रकाच्या तेराव्या परिच्छेदात स्पष्ट सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतीत्सिया’मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे तंत्र आपण शिबिरांत शिकवतो. परंतु पत्नीची पाळी केव्हा येते हे विचारण्यासही जो पती संकोचतो, तो दर महिन्याला काही दिवस संयम कसा पाळणार?

ब्रह्मचारी धर्मगुरूने यावर काय बोलावे, असे कुणी म्हणेल. पण मोडत आलेले संसार अखेर आमच्याच दारी येतात आणि भांडणाचे कारण म्हणून सांगितलेल्या पैशांच्या वा सासूच्या तक्रारीखाली पुष्कळदा हीच न बोललेली गोष्ट दडलेली असते.

लग्नसोहळ्याने दमलेली, परक्या घरात आलेली मुलगी गप्प राहिली तर तो होकार नव्हे. तिला विचारल्याने पुरुषार्थ उणा होत नाही, आणि तिने ‘आज नको’ म्हटल्यास तो पतीचा अपमानही नव्हे. हात न उगारता धरलेला आठवडाभराचा अबोला, टोमणे, घरखर्चाला आखडता हात हीदेखील जबरदस्तीच होय. पत्नीला वेदना होत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिच्यासोबत जावे. पुरुषालाही भीती असते. आपल्याला जमेल का, या धास्तीने काही तरुण आधी पेला जवळ करतात. त्याऐवजी ती धास्ती पत्नीला सांगितली तर निम्मे ओझे उतरते. शिवाय रात्रीची जवळीक दिवसाच्या वागणुकीवर बरीचशी अवलंबून असते. रडणारे मूल रात्री दोन वाजता कोण उचलतो, याचा संबंध शय्यागृहाशी आहे, हे नवरदेवांना उशिरा कळते.

विवाहपूर्व शिबिरात मुलामुलींसमोर एकत्र बसून असले प्रश्न विचारण्यास मुले कचरतात. निदान दोन तास मुलांची स्वतंत्र बैठक घ्यावी, प्रश्न निनावी चिठ्ठ्यांवर मागवावेत आणि उत्तरे देण्यासाठी डॉक्टरांच्या शेजारी दहा-पंधरा वर्षे संसार केलेला, त्याविषयी मोकळेपणाने बोलणारा एखादा गृहस्थ बसवावा.