गिनीपिग नेमके कोण?

मंडळी, एक शब्द हल्ली फार कानावर येतो. नवीन प्रतिजैविकाचं इंजेक्शन आजाऱ्यांना द्यायच्या आधी धडधाकट माणसांना टोचून बघतात हे कळलं, की लगेच सुरू: "माणसांचे गिनीपिग केलेत! पैशासाठी शरीर विकतात बिचारे!" आपल्या नात्यातली मंडळीही हेच बोलतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

मला हा शब्द साफ नामंजूर आहे. गिनीपिगला कुणी विचारत नाही. या माणसांना धोके सांगून त्यांची सही घ्यावी लागते आणि मधेच "आता नको" म्हणून उठून जायचा त्यांना हक्क असतो. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्यावर आधी अगदी थोडा डोस, तो सोसला तर पुढच्या गटाला जरा जास्त. मूत्रपिंड, यकृत, हृदयाचे ठोके, सुई टोचलेली शीर, सगळं तपासत राहतात. आजाऱ्याला निदान बरं व्हायची आशा असते. यांना आजारच नाही! औषधाचा फायदा शून्य, धोका मात्र यांचा. पैसे मिळतात, कबूल. पण पगार तर आगीच्या बंबावरच्या जवानालाही मिळतो. त्याला आपण शरीर विकणारा म्हणतो का?

धोका खोटा नाही. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात टीजीएन१४१२ हे नवं औषध (ते प्रतिजैविक नव्हतं) सहा निरोगी माणसांना काही मिनिटांच्या अंतराने दिलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले, पण भोगलं फार. त्यानंतर नियम कडक झाले: आधी एकालाच टोचायचं, वाट बघायची, मगच पुढचा.

शाळेत आपण १९२८, फ्लेमिंग आणि बुरशी एवढंच शिकतो. पण जानेवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत एल्वा एकर्स नावाची बाई होती. कर्करोग शेवटच्या टप्प्यात. पेनिसिलिनचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. माणसाला हे इंजेक्शन सोसतं का, एवढंच बघायचं होतं. ती हो म्हणाली. थंडी वाजून ताप भरला. त्यावरून औषधात अशुद्ध द्रव्यं आहेत हे कळलं, ती काढली आणि मग फेब्रुवारीत आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर उपचार सुरू झाले. पोलिसाची गोष्ट सगळे सांगतात. या बाईची कोण सांगतं?

आणि आपण काय करतो? नाक गळायला लागलं की मेडिकलमध्ये जाऊन "मागच्या वेळच्याच गोळ्या द्या". सर्दी विषाणूंची, गोळी जिवाणूंवरची! उरलेल्या गोळ्या शेजारणीला. मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. नियम कागदावर, गोळ्या आपल्या खिशात. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणजे प्रयोग आपणही करतोच की! फक्त त्याला डॉक्टर नाही, नोंद नाही, नैतिकता समिती नाही. आपल्या अंगात तयार झालेला चिवट जंतू उद्या दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाला गाठतो. त्या बाळाची सही कुणी घेतली होती? गिनीपिग कोण करतंय, आणि कुणाला?

तेव्हा त्या माणसांची कीव करणं आधी थांबवा. त्यांना योग्य मोबदला, इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते का, हे जरूर विचारा. तो प्रश्न रास्त आहे. आणि कुणीतरी निरोगी दंड पुढे केला म्हणून मिळालेलं औषध सर्दीपडशावर उधळू नका. राग आला तर येऊ दे. प्रतिक्रियेत भांडा, मी आहेच.