हौशी धावपटूंनाही रस्त्यावर जागा हवी



‘जिंकण्याची शक्यता नसलेल्यांनी मॅरेथॉनमध्ये गर्दी करू नये’ हे आपल्या एका वाचकाचे मत वाचले. ते मला मान्य नाही.

भारताच्या ऑलिंपिक संघाची सुरुवात पुण्यातल्या हौशी धावपटूंपासूनच झाली. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनी संघ पाठवायचे मनावर घेतले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ‘फक्त जिंकणाऱ्यांनीच धावावे’ असा नियम तेव्हा असता, तर ही माणसे कुणाच्या नजरेस पडली असती?

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते आहे. तिच्या तयारीसाठी आमच्या सदाशिव पेठेतला धावण्याचा गट पहाटे सारसबागेपासून निघतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, शिक्षिका आहेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले आहेत. ४२.१९५ किलोमीटर पार करायला महिनोन्‌महिने शिस्त लागते. दमलेल्या सोबत्यासाठी वेग कमी करणे हा आमच्या गटाचा पहिला नियम आहे. वेळेचा विक्रम होणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक असते, तरी आनंद कमी होत नाही.

रस्ते बंद असल्याने होणारी गैरसोय खरी आहे. त्यासाठी आयोजकांनी आधी सूचना द्यावी आणि रुग्णवाहिकेचा मार्ग मोकळा ठेवावा. पण हौशी धावपटूंना वगळू नये. ते मत मांडणाऱ्या वाचकांनी एका रविवारी आमच्याबरोबर चालायला तरी जरूर यावे.

– एक धावपटू वाचक, सदाशिव पेठ, पुणे