भय ज्याने पेरले, तो अभय काय देणार?

घरातील देव्हारा उतरवून ज्यांनी त्या जागी भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा लावली, अशा प्रत्येक नवदीक्षित कुटुंबास एक प्रश्न हटकून विचारला जातो. शेजारी विचारतात, सोयरे विचारतात आणि कधी कधी घरातील वृद्ध माताही दबक्या आवाजात विचारते : "देव टाकलेत खरे, पण उद्या संकट ओढवले तर हाक कोणाला माराल?" प्रश्नापाठोपाठ उपदेशही येतो. ईश्वरावर भार टाका, त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा, म्हणजे सर्व भय आपोआप नाहीसे होईल!

हा उपदेश ऐकावयास गोड आहे. तो करणारे सगळेच लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु गोड आहे म्हणून तो खरा ठरत नाही. या उपदेशकांना आमचा एकच सवाल आहे : ज्या भयापासून तुमचा देव आम्हांस सोडविणार, ते भय आमच्या मनात घातले कोणी?

उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्याच पूर्वजांकडे पाहावे. गावात पटकीची साथ आली की मरीआई कोपली असे म्हणत. मग नवस होत, बळी दिले जात, पोटराज स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडे ओढून घेई आणि मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेला जाई. आमच्या आजा-पणजांचा तिच्यावरील विश्वास कमी पडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पोटाला नसताना त्यांनी तिला कोंबडे दिले. तरी माणसे मेलीच. कारण पटकी कोणाच्या कोपाने येत नाही. ती दूषित पाण्यातून येते. लंडन शहरात जॉन स्नो याने १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी तिचा संबंध दाखवून दिला आणि रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात तिच्या जंतूचा छडा लावला.

आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. रोग पाण्यातून येत होता, आणि गावच्या चांगल्या विहिरीचे पाणी आम्हांस बंद होते. ज्याने पाणी नाकारले त्याचे नाव मात्र कोणी घेतले नाही. सारा दोष मरीआईच्या माथी गेला. माणसाने केलेला अन्याय देवाच्या कोपाखाली झाकला गेला आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच अपराध्यासारखा देवीपुढे नाक घासू लागला. देवावरील विश्वासाने आमचे भय घालविले नाही. त्याने आमच्या भयाचे खरे कारण आमच्यापासून लपविले.

ही कोंडी फुटली ती महाडास. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि हजारो माणसांनी त्यांच्यामागून ते पाणी घेतले. त्या दिवशी कोणता देव त्यांच्या पाठीशी उभा राहिला? उलट, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून देवाच्याच नावाने आमच्या माणसांची डोकी फोडण्यात आली. त्या तळ्यावरील आमचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली मान्य केला, तो नवसामुळे नव्हे. दहा वर्षे नेटाने लढल्यामुळे.

दुसरे उदाहरण तर नावासकट आहे. एका भयंकर रोगालाच आपण 'देवी' म्हणत होतो! तिला दहीभाताचा नैवेद्य दाखविणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. मुंबईत १८०२ साली पहिली लस टोचली गेली, १९७५ साली भारतातील शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवी गेली, ती लशीने गेली.

यावर कोणी म्हणेल, औषधही जेथे थकते त्या घडीला काय करावे? मध्यरात्री मूल तापाने फणफणले असताना आईच्या काळजात जे कालवते, त्याला युक्तिवादाने कसे शांत करणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि भगवान बुद्धांनी तो टाळलेला नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात ते स्वतःचा अनुभव सांगतात. बोधिप्राप्तीपूर्वी ते मुद्दाम भयाण अरण्यात रात्री काढीत. कोठे हरिण सरपटे, कोठे मोर काटकी पाडी, कोठे वाऱ्याने पाला सळसळे, आणि मनात भय उभे राही. चालताना भय आले तर ते मावळेपर्यंत चालतच राहावे, बसले असता आले तर बसूनच त्याला जिंकावे, हा त्यांचा निश्चय होता. त्यांनी कोणाचा धावा केला नाही. भयाच्या डोळ्यास डोळा भिडविला. आणि ज्याचे आचरण मलिन, त्यालाच अरण्य अधिक भिववते, हेही त्यांनी सांगितले. शील हे पहिले अभय आहे.

संयुक्त निकायातील धजग्ग सुत्त तर या वादाचा निकालच लावते. देवांचा राजा शक्र आपल्या सैन्याला सांगतो की, भय वाटले तर माझ्या ध्वजाकडे पाहा. भगवान म्हणतात, तसे पाहून भय जाईल किंवा जाणारही नाही. कारण शक्र स्वतःच राग, द्वेष, मोह यांतून सुटलेला नाही, तो स्वतःच भितो. म्हणून भिक्षूंनी बुद्ध, धम्म आणि संघ यांचे स्मरण करावे. हे स्मरण म्हणजे दुसऱ्या देवाचा धावा नव्हे. भय जिंकलेल्या माणसाची, जिंकण्याच्या मार्गाची आणि त्या मार्गावरील सोबत्यांची ती आठवण आहे.

आता घरातल्या घरात दोन कटू शब्द. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असूनही ज्यांच्या पेटीत जुने टाक जपून ठेवलेले आहेत, त्यांनी आपल्या मनाला विचारावे. आणि जे बुद्धमूर्तीपुढे नोकरीसाठी नवस बोलतात, त्यांनीही विचारावे. देव्हाऱ्यातील मूर्ती बदलली आणि मन तेच राहिले, तर धर्मांतर भिंतीचे झाले, माणसाचे नव्हे. सवलती जातील या धास्तीने कागदावर 'बौद्ध' लिहिण्यास कचरणारेही थोडे नव्हते. त्या भयाला कायद्यात कारण होते. ते १९९० साली कायदा बदलून दूर झाले. कारण गेल्यावरही भय कवटाळून बसणे, हीच गुलामगिरीची शेवटची खूण होय.

म्हणून, बंधुभगिनींनो, त्या वृद्ध मातेची थट्टा करू नका. तिचे भय तिचे नव्हे. ते तिच्यावर लादलेले आहे. मुलाला ताप आला तर प्रथम दवाखाना गाठा, विहारातील चार माणसांना हाक मारा आणि ती रात्र तिच्याशेजारी बसून काढा. सकाळी तिचा तोच प्रश्न पुन्हा आला, तर तिला सांगा : हाक मारली होती, आई, आणि माणसे धावून आली.